इपॉक्सी राळेत कोणती भुकटी मिसळावी?
(फायबरग्लासच्या होड्या, टाक्या व गोबरगॅसचे ड्रम यांच्या दुरुस्तीसंबंधी पाठ)

प्रास्ताविक

कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वी होडी म्हटली की ती लाकडाचीच असावयाची. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून भरावा आणि त्यावर तेलात कढविलेली राळ चोपडावी, अशी सांधे बुजविण्याची रीत असे. या कामास कलाफती म्हणत. आज लाकडी होड्यांच्या जोडीला व पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जागी फायबरग्लासच्या होड्या आल्या आहेत. देशावरही पाणी साठविण्याच्या टाक्या, मत्स्यबीजाच्या टाक्या, छपराचे पत्रे आणि गोबरगॅसचे तरंगते ड्रम या रूपाने फायबरग्लास शेतकऱ्याच्या दारी पोहोचला आहे. हा पदार्थ गंजत नाही, कुजत नाही व त्याला वाळवी लागत नाही. परंतु आघाताने त्याला तडा जातो आणि तो दुरुस्त करण्याची पाळी केव्हा ना केव्हा येतेच.

अशा वेळी पुष्कळदा असे होते की, हाती येईल ती भुकटी राळेत कालवून भेग बुजविली जाते, वरून घासून गुळगुळीत केली जाते आणि रंग दिला जातो. दुरुस्ती दिसावयास नामी दिसते. पण पहिल्याच खवळलेल्या लाटेवर बूड आपटले की तीच भेग पुन्हा उघडते आणि त्या वेळी होडी किनाऱ्यापासून दूर असते. गोबरगॅसच्या ड्रमाच्या बाबतीत गॅस गळून चूल बंद पडते, शिवाय आगीचा धोका उत्पन्न होतो. तेव्हा कोणत्या कामास कोणते भरणद्रव्य वापरावे, हा केवळ सुबकपणाचा प्रश्न नसून जीविताचा व वित्ताचा प्रश्न आहे. गुळगुळीतपणा म्हणजे बळकटी नव्हे, हे या पाठाचे मुख्य सूत्र होय.

राळ, हार्डनर व काचकापड

फायबरग्लासच्या वस्तूत दोन घटक असतात. काचेचे बारीक तंतू हा पहिला व त्यांना एकत्र धरून ठेवणारी राळ हा दुसरा. ताण सोसण्याचे काम मुख्यतः तंतू करतात. राळ त्यांना जागच्या जागी ठेवते, एका तंतूवरील भार दुसऱ्यावर पोहोचविते आणि पाण्यास अटकाव करते. एकट्या राळेची वडी ठिसूळ असते व एकटे काचकापड लुळे असते. दोहोंच्या मिलाफातच बळ आहे. कलाफतीतील कापूस व राळ यांचे नातेही काहीसे असेच होते.

आपल्याकडील बहुतेक होड्या व टाक्या पॉलिएस्टर राळेच्या बनविलेल्या असतात, कारण ती स्वस्त असते. परंतु पॉलिएस्टर राळ घट्ट होताना आकारमानाने शेकडा ५ ते १० आकसते आणि जुन्या, घट्ट झालेल्या पृष्ठभागास ती बेताचीच चिकटते. इपॉक्सी राळ याहून पुष्कळ कमी आकसते व जुन्या पॉलिएस्टरवर तिची पकड चांगली बसते. म्हणून नवी वस्तू पॉलिएस्टरची असली, तरी तिची महत्त्वाची दुरुस्ती इपॉक्सीने करणे हिताचे ठरते. मात्र याच्या उलट क्रम साधत नाही. इपॉक्सीवर पॉलिएस्टर राळ भरवशाने चिकटत नाही. यास्तव एकदा इपॉक्सीने सुरुवात केली म्हणजे शेवटपर्यंत इपॉक्सीच वापरावी.

इपॉक्सी दोन भागांत मिळते. एक राळ व दुसरा हार्डनर. या दोहोंचे प्रमाण उत्पादकाने ठरवून दिलेले असते. काही राळींना वजनाने १०० भागांस १० भाग हार्डनर लागतो, तर काहींना दोन भागांस एक भाग लागतो. हे प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हे डब्यावर नीट वाचून पाहावे. हार्डनर जास्त घातला म्हणजे राळ लवकर घट्ट होईल, ही समजूत चुकीची आहे. पॉलिएस्टरच्या कामात उत्प्रेरकाचे थेंब थोडेफार कमीअधिक करून चालते. इपॉक्सीत तसे चालत नाही. हार्डनर कमी पडला किंवा अधिक झाला, तर काही भाग कायमचा अर्धवट राहतो आणि दुरुस्ती नरम व चिकट राहते. पॉलिएस्टरचा उत्प्रेरक इपॉक्सीच्या उपयोगी नाही व इपॉक्सीचा हार्डनर पॉलिएस्टरच्या उपयोगी नाही. दोन्हींचे डबे वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवावेत.

कापडाच्या निवडीतही एक खुबी आहे. बाजारात मिळणारी तुटक तंतूंची मॅट ज्या बंधकाने एकत्र धरलेली असते, तो बंधक बहुधा पॉलिएस्टर राळेतील स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसल्यामुळे अशी मॅट तिच्यात नीट भिजत नाही व कडक राहते. म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेले काचकापड, विणलेले रोव्हिंग किंवा दोऱ्याने शिवलेली मॅट वापरावी.

भरणद्रव्य कशासाठी?

हार्डनर मिसळलेली निव्वळ राळ एरंडेलासारखी वाहती असते. कापड भिजविण्यास ती उत्तम. परंतु उभ्या पृष्ठभागावर ती ओघळते, भेगेतून निघून जाते आणि दोन भागांमधील फट भरून काढीत नाही. तिला अंग यावे म्हणून तिच्यात कोरडी भुकटी किंवा बारीक तंतू मिसळतात. यासच भरणद्रव्य म्हणावयाचे. भरणद्रव्याने तीन गोष्टी साधतात. राळ ओघळत नाही, फट भरली जाते आणि घट्ट झालेल्या पुट्टीस विशिष्ट गुण येतात. हे गुण कठीणपणाचे, हलकेपणाचे किंवा सहज घासले जाण्याचे असू शकतात. हे सर्व गुण एकाच भुकटीत मिळत नाहीत. ज्या पुट्टीत बळकटी आहे ती घासावयास जड जाते आणि जी सहज घासली जाते ती भार सोसत नाही. ही एक गोष्ट मनात पक्की बसली म्हणजे निवड अर्धी सोपी होते.

भरणद्रव्यांचे वर्ग

पहिला वर्ग : बळकटीची भरणद्रव्ये

(१) सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी. कारखान्यांतून ही बहुधा ‘एरोसिल’ या नावाने मागितली जाते. ही पांढरी व पिसासारखी हलकी असते. राळ ओघळू न देण्यात तिचा हात धरणारे दुसरे द्रव्य नाही. वजनाने १०० ग्रॅम मिश्रणास ३ ते ६ ग्रॅम भुकटी पुष्कळ झाली. परंतु ५ ग्रॅम भुकटीच सुमारे १०० मिलिलिटर जागा व्यापते, म्हणजे ती जवळजवळ राळेएवढी दिसते. यामुळे नवशिक्यास आपण फार घालीत आहोत असे वाटते. या भुकटीची पुट्टी कठीण व गुळगुळीत होते, पण घासण्यास अतिशय जड जाते. म्हणून ती लावतानाच पट्टीने सारखी करून घ्यावी.

(२) कापसाच्या तंतूंची भुकटी. कापसाचे अगदी आखूड तंतू राळेत मिसळले असता पुट्टीस चिवटपणा येतो. दोन भाग चिकटविण्यास व सांध्यातील फट भरण्यास हे द्रव्य उत्तम होय. लाकडावर याची पकड चांगली बसते. एकटे वापरल्यास पुट्टी किंचित खरबरीत होते व उभ्या जागी थोडी खाली सरकते. यास्तव त्यात थोडी सिलिका घालावी.

(३) लाकडाचे पीठ. करवतीचा जाड भुसा म्हणजे लाकडाचे पीठ नव्हे. बारीक चाळणीने चाळलेले, कडक वाळविलेले पीठच घ्यावे. लाकडी वाक किंवा आडव्या फळ्या फायबरग्लासला जोडताना कोपऱ्यात जो गोलसर भराव द्यावा लागतो, त्यास हे द्रव्य योग्य व स्वस्त आहे. ओलसर भुसा वापरल्यास दुरुस्ती बिघडते.

(४) काचेच्या तंतूंचे बारीक तुकडे. नांगराची कडी, इंजिनाची बैठक, सुकाणूचे बिजागर अशा जागी जेथे स्क्रू किंवा बोल्टचा ताण येतो, तेथील जुनी रुंदावलेली छिद्रे भरण्यास हे तुकडे सिलिकेसह वापरतात. ही पुट्टी फार कठीण होते व तिची धूळ अंगास टोचते.

दुसरा वर्ग : हलकी भरणद्रव्ये

(१) काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे. यांस मायक्रोबलून म्हणतात. प्रत्येक कण आतून पोकळ असल्याने पुट्टी हलकी होते आणि पॉलिश कागदाने चटकन घासली जाते. पृष्ठभागावरील खळगे भरून तो एकसारखा करण्यास याहून सोयीचे द्रव्य नाही. राळेच्या आकारमानाच्या दीड ते दोन पट मायक्रोबलून घालावे लागतात. थोडी सिलिका मिसळल्यास पुट्टी ओघळत नाही.

(२) फिनॉलिक सूक्ष्म गोळे. हे तांबूस-तपकिरी रंगाचे असतात. घासण्यास हेही सोपे असतात. परंतु पाण्याखाली राहणाऱ्या भागास काचेचे गोळे अधिक पसंत करावेत.

या वर्गातील कोणत्याही पुट्टीने सांधा चिकटवू नये, कोपऱ्यातील भार सोसणारा भराव देऊ नये आणि आरपार गेलेला तडा बुजवू नये. पोकळ कणांना दाब व ताण सोसवत नाही.

तिसरा वर्ग : स्वस्त भरणद्रव्ये

शंखजिरे व खडूची भुकटी या वर्गात मोडतात. रंगारी लोकांच्या परिचयाची लांबी खडूचीच असते. या भुकट्या स्वस्त आहेत आणि त्यांची पुट्टी मऊ व एकजीव लागते. पण त्या जड आहेत. शंखजिऱ्याची पुट्टी लिटरला सुमारे दीड किलोहून अधिक भरते, तर मायक्रोबलूनची पुट्टी पाऊण किलोच्या आसपास भरते. मोठ्या पृष्ठभागावर हा फरक होडीच्या वजनात दिसून येतो. शिवाय या भुकट्या राळ ओघळू देतात, म्हणून त्यांना सिलिकेची जोड लागते. पाण्याच्या रेषेवरील लहानसहान खळग्यांस त्या चालतील. मोटार दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी तयार पॉलिएस्टर पुट्टीही बहुधा शंखजिऱ्याचीच असते. ती ओलावा शोषते, म्हणून होडीच्या पाण्याखालील भागास ती लावू नये.

याखेरीज ग्राफाइटची काळी भुकटी घर्षण कमी करण्यासाठी, उदाहरणार्थ सुकाणूचा दांडा फिरतो त्या जागी, राळेत मिसळतात. ते विशेष काम आहे. सर्वसाधारण दुरुस्तीस तिची गरज नाही.

घट्टपणाची पारख

अमेरिकेतील नाव बांधणारे कारागीर पुट्टीचा घट्टपणा टोमॅटो सॉस, मेयोनेझ व शेंगदाण्याचे लोणी यांच्या उपमेने सांगतात. आपल्या घरातील पदार्थांवरून तीच पारख येणेप्रमाणे करता येते.

एरंडेल : भुकटी न घातलेली राळ. पृष्ठभाग व कापड भिजविण्यासाठी.
काकवी : काठीवरून तार धरून पडते. दोन सपाट भाग चिकटविण्यासाठी किंवा पिचकारीने बारीक भेगेत सोडण्यासाठी.
श्रीखंड : काठीस धरून राहते, पण हळूहळू खाली सरकते. सांधे चिकटविण्यासाठी.
चक्का : काठी वर ओढली असता उभे टोक राहते व मोडत नाही. कोपऱ्यातील भराव, खळगे व उभा पृष्ठभाग यांसाठी.

चक्क्याहून अधिक घट्ट करू नये. भुकटी अति झाली की कणांना भिजविण्यास राळ उरत नाही, पुट्टी कोरडी पडते व पृष्ठभागास धरत नाही.

मिसळण्याची रीत

प्रथम राळ व हार्डनर योग्य प्रमाणात मोजून स्वच्छ भांड्यात घ्यावेत. भांड्याच्या कडा व तळ खरवडीत दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावे. दोन्ही पूर्णपणे एकजीव झाल्यावरच भुकटी घालावी. भुकटी आधी घातल्यास हार्डनर सर्वत्र पोहोचत नाही आणि पुट्टीत नरम डाग राहतात. दोन भुकट्या वापरावयाच्या असल्यास प्रथम तंतू किंवा पोकळ गोळे घालावेत आणि शेवटी सिलिकेने घट्टपणा जुळवावा. मायक्रोबलून जोराने घोटू नयेत, ते फुटतात.

राळ घट्ट होताना उष्णता निर्माण होते. भांड्यात खोल साठविलेली राळ स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर सोडते आणि क्वचित प्लास्टिकचे भांडे वितळविते. म्हणून एका वेळी १०० ते २०० ग्रॅमच मिश्रण करावे आणि ते पसरट थाळीत ओतावे. वैशाखातील उन्हात हे काम करू नये. सकाळची वेळ किंवा सावली उत्तम. भांड्यातील राळ तापू लागल्यास ती उघड्यावर वाळूवर ठेवून दूर व्हावे.

पुट्टी लावण्यापूर्वी त्या जागी निव्वळ राळेचा पातळ हात द्यावा व त्यावर लगेच पुट्टी बसवावी. पृष्ठभाग कोरडा असल्यास तो पुट्टीतील राळ शोषून घेतो आणि सांधा उपाशी राहतो.

उदाहरण : बुडास गेलेला आरपार तडा

खडकावर आपटून होडीच्या बुडास ३० सेंटिमीटर लांबीचा आरपार तडा गेला आहे व तेथील जाडी ६ मिलिमीटर आहे, असे समजू. ही दुरुस्ती निव्वळ पुट्टीने होणार नाही. येथे तुटलेले तंतू पुन्हा जोडावयाचे आहेत आणि ते काम कापडानेच होते.

१. होडी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे. साबणाने धुऊन व नंतर थिनरने पुसून डिझेल व माशांचे तेल काढावे. हे घासण्यापूर्वीच केले पाहिजे. नाहीतर तेल आत रगडले जाते.

२. तड्याच्या दोन्ही टोकांपर्यंत सैल झालेला सर्व भाग काढून टाकावा. फिकट पांढरट पडलेला थर आतून सुटलेला असतो. तोही काढावा.

३. तड्याच्या दोन्ही बाजूंस उतरती कड घासावी. उताराची लांबी जाडीच्या बारा पट ठेवावी. ६ मिलिमीटर जाडीस प्रत्येक बाजूस ७२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर. या उतारामुळे नव्या तंतूंना जुन्या तंतूंवर पकड घेण्यास रुंद जागा मिळते. शेवटी ६० ते ८० नंबरच्या पॉलिश कागदाने खरबरीत करावे.

४. आतून एक प्लास्टिक लावलेली फळी टेकू म्हणून बसवावी.

५. निव्वळ राळेचा हात देऊन, खोलगट जागी सिलिका व कापसाच्या भुकटीची श्रीखंडासारखी पुट्टी पातळ पसरावी. पुट्टीचे काम येथे एवढेच आहे की, कापडाखाली हवेचा पोकळ फुगा राहू नये.

६. कापडाचे थर द्यावेत. चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाच्या विणलेल्या रोव्हिंगचा एक थर हाताने लावला असता सुमारे पाऊण मिलिमीटर जाड होतो. त्या हिशेबाने ६ मिलिमीटरसाठी सुमारे ८ थर लागतात. सर्वांत मोठा तुकडा प्रथम व त्यावर क्रमाने लहान तुकडे घालण्याचा प्रघात चांगला आहे. वरचा भाग घासताना मोठा थर त्यामुळे अखंड राहतो. एका वेळी तीन-चार थर द्यावेत व ते थंड झाल्यावर पुढील थर द्यावेत. प्रत्येक थर रोलरने दाबून हवा काढावी.

७. सर्व थर घट्ट झाल्यावर जो उंचसखलपणा उरेल, तेवढ्यासाठीच मायक्रोबलूनची चक्क्यासारखी पुट्टी वापरावी, घासावी व वर निव्वळ राळेचे दोन हात देऊन रंग लावावा.

या क्रमात बळकटीची पुट्टी कापडाखाली व हलकी पुट्टी कापडावर आली, हे लक्षात ठेवावे. याची अदलाबदल झाली की दुरुस्ती फुकट गेली.

वाक किंवा आडवी फळी बुडास जोडताना कोपरा काटकोनात सोडू नये. काचेचे तंतू तीक्ष्ण कोपऱ्यावर वळत नाहीत व तेथे कापड उचलले जाते. सिलिका व लाकडाच्या पिठाचा गोल भराव बोटाने किंवा गोल काठीने ओढून द्यावा आणि तो ओला असतानाच वर कापडाच्या पट्ट्या बसवाव्यात.

गोबरगॅसचा ड्रम व पाण्याची टाकी

खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या नमुन्याच्या गोबरगॅस संयंत्रात गॅस तरंगत्या ड्रमात साठतो. लोखंडी ड्रम गंजतो म्हणून पुष्कळ ठिकाणी फायबरग्लासचा ड्रम बसवितात. त्याच्या दुरुस्तीत प्रथम जपावयाचे ते जीवास. गोबरगॅसमधील मिथेन हवेत शेकडा ५ ते १५ या प्रमाणात मिसळला असता ठिणगीने स्फोट होतो. म्हणून गॅस सोडून द्यावा, ड्रम उचलून खड्ड्यापासून दूर मोकळ्या हवेत न्यावा, उलथा करून धुवावा व तो पूर्ण वाळल्यावरच ग्राइंडर चालवावा. विडी, चूल, कंदील जवळ नसावेत. रिकाम्या दिसणाऱ्या खड्ड्यात कोणीही उतरू नये. तेथील वायूने माणूस बेशुद्ध होतो आणि त्यास काढावयास उतरणाराही दगावतो.

ड्रमावरील केसासारख्या भेगांस काकवीसारखी राळ व वरून कापडाचे दोन थर पुरेसे होतात. गॅसच्या नळाच्या बुडाशी मात्र हादरे बसतात. तेथे सिलिका व काचतुकड्यांचा भराव देऊन वर कापड घालावे. काम पूर्ण झाल्यावर सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती तपासावी. काडी ओढून तपासणे म्हणजे मृत्यूस बोलावणे होय.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती शक्यतो बाहेरून करावी. आतून करणे भाग पडल्यास पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असल्याचे उत्पादकाने लिहून दिलेली राळच वापरावी.

इपॉक्सी राळ उन्हाने फिकट व भुरभुरीत होते, म्हणून बाहेरील प्रत्येक दुरुस्तीवर रंग हवाच. साध्या तापमानास घट्ट होणाऱ्या पुष्कळ इपॉक्सी राळी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडू लागतात. काळा किंवा गडद रंग दिलेला पृष्ठभाग उन्हाळ्यात एवढा तापू शकतो. यास्तव पांढरा किंवा फिकट रंग द्यावा.

दमट हवेतील काळजी

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीस बंदी असते व होड्या वर ओढलेल्या असतात. दुरुस्तीस सवड मिळते ती नेमकी पावसाळ्यात आणि ओलावा हा तर या कामाचा शत्रू. शक्य झाल्यास कापडाचे काम पावसापूर्वी उरकून घ्यावे. पावसाळ्यात करावयाचे झाल्यास छपराखाली करावे. पृष्ठभाग कोरडा आहे की नाही हे पाहण्यासाठी प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून दव धरले, तर होडी अजून ओली आहे असे समजावे.

दमट हवेत घट्ट झालेल्या इपॉक्सीवर पुष्कळदा मेणासारखा बुळबुळीत थर येतो. त्यावर पुढील थर किंवा रंग धरत नाही. तो पाण्यात विरघळतो. म्हणून प्रथम स्वच्छ पाणी व काथ्याने घासून धुवावे, कोरडे करावे व मगच पॉलिश कागद चालवावा. न धुता घासल्यास तो थर आतच रगडला जातो. भरणद्रव्येही ओलावा धरतात. ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत व गुठळ्या झालेली भुकटी टाकून द्यावी.

आरोग्याची काळजी

इपॉक्सीचा हार्डनर कातडीस झोंबतो. वारंवार हात लागल्यास अंगावर पुरळ उठते व एकदा ही बाधा जडली की ती बहुधा जन्मभर सुटत नाही. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. हातास लागलेली राळ थिनरने कधीही धुऊ नये. थिनर तिला कातडीच्या आत नेतो. ती फडक्याने पुसून साबणाने धुवावी. सिलिका व मायक्रोबलून हवेत उडतात. ते मिसळताना व कोणतीही पुट्टी घासताना नाकातोंडास धुळीचा मुखवटा व डोळ्यांस चष्मा लावावा. मुलांना व गुरांना जवळ येऊ देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने करावयाचे प्रात्यक्षिक

तोंडी सांगण्यापेक्षा पुढील दोन प्रयोग करून दाखविल्यास लोकांची खात्री पटते.

पहिला प्रयोग : एक फळी उभी ठेवून तिच्यावर चार पट्टे ओढावेत. पहिला निव्वळ राळेचा, दुसरा शंखजिऱ्याचा, तिसरा मायक्रोबलूनचा व चौथा सिलिका आणि कापसाच्या भुकटीचा. कोणता ओघळतो हे लोकांना पाहू द्यावे. दोन दिवसांनी प्रत्येक पट्टा ज्याच्या त्याच्याकडून पॉलिश कागदाने घासवून घ्यावा. मायक्रोबलूनचा पट्टा चटकन झिजेल, सिलिकेचा दाद देणार नाही.

दुसरा प्रयोग : फायबरग्लासच्या टाकाऊ पत्र्याचे दोन तुकडे मधोमध मोडावेत. एका तुकड्याचा सांधा मायक्रोबलूनच्या पुट्टीने भरून, घासून, रंगवून सुंदर करावा. दुसऱ्यास उतरती कड देऊन कापडाचे थर द्यावेत व तो खडबडीतच ठेवावा. तीन-चार दिवसांनी दोन्ही तुकडे गुडघ्यावर वाकवावयास द्यावेत. सुंदर दिसणारा तुकडा काडीसारखा मोडेल व ओबडधोबड तुकडा वाकून परत सरळ होईल.

सारांश

१. ताण सोसते ते कापड. पुट्टी कापडाची जागा घेऊ शकत नाही.
२. चिकटविण्यास व भराव देण्यास सिलिका, कापसाची भुकटी, लाकडाचे पीठ किंवा काचतुकडे वापरावेत. पृष्ठभाग सारखा करण्यास मायक्रोबलून.
३. जी पुट्टी सहज घासली जाते, तिच्यावर भार टाकू नये.
४. हार्डनरचे प्रमाण मोजून घ्यावे. अंदाज करू नये.
५. आधी राळ व हार्डनर, नंतर भुकटी.
६. पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ व खरबरीत असावा.
७. गोबरगॅसच्या ड्रमाजवळ ठिणगी नको व खड्ड्यात उतरणे नको.

इपॉक्सी राळ महाग आहे व चांगली भरणद्रव्ये तालुक्याच्या गावी सहज मिळत नाहीत, हे खरे. म्हणून गावातील दोन-चार होडीवाल्यांनी किंवा सहकारी संस्थेने हंगामापूर्वी सिलिका, कापसाची भुकटी व मायक्रोबलून एकत्र मागवून घट्ट डब्यांत ठेवल्यास ऐनवेळी शंखजिऱ्यावर भागविण्याची पाळी येणार नाही. तीन डबे, एक तराजू व काचकापडाचा एक गुंडाळा एवढी सामग्री गावात असली, तर बहुतेक दुरुस्त्या गावातच आणि भरवशाच्या होऊ शकतील.